आतोबांचा बारशातला फोटो

मी कुपवाडला एमआयडीसीत मशीन दुरुस्त करतो. आवाज आला की आधी बेअरिंग बघायचं, भूत नाही – हा माझा स्वभाव. इथं लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभवही मी करमणूक म्हणूनच वाचत आलोय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय...

गेल्या वर्षी आमच्या मुलीचं बारसं घरीच केलं. आतोबा गेल्यापासून माझी आत्या उंब्रज सोडून कुठल्याच कार्यक्रमाला जात नव्हती. "मी यिऊन काय करू रं तिथं?" एवढंच म्हणायची. शेवटी मीच गाडी घेऊन गेलो आणि हट्टानं तिला आणलं. तरी बाई पाळण्यापाशी येईना! हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली कापडी पिशवी ठेवली. मी माझ्या डिजिटल कॅमेऱ्यानं तिचा तिथंच एक फोटो काढला.

पाहुणे पांगल्यावर दुपारी फोटो छापायला बसलो. घरी छोटा फोटो प्रिंटर आहे. तो एकच कागद चार वेळा आत-बाहेर करतो – आधी पिवळा रंग, मग लाल, मग निळा, आणि शेवटी वरून चकचकीत थर. बायको आणि आत्या कौतुकानं बघत होत्या.

आत्याचा फोटो लावला. पिवळा रंग घेऊन कागद बाहेर आला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर काहीतरी फिकट दिसलं. म्हटलं, डाग असेल. लाल चढला – डागाला नाक आलं. निळा चढला तसा बायकोनं माझा दंडच धरला.

पांढरी टोपी, झुपकेदार मिशा... आतोबा! आणि पिशवी त्यांच्या मांडीवर.

आत्याला धक्का बसेल म्हणून फोटो लपवायला गेलो, तर तिनं तो हातातून ओढून घेतला. डोळ्यांजवळ नेला. आता ही कोसळणार, असं वाटलं.

"आवं!" ती फोटोवर खेकसली. "जलमभर माझी एक पिशवी उचलली न्हाई, आन् आता चारचौघांत मांडीवर घिऊन बसलासा व्हय?"

मग ती हसायला लागली... पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायकोनं पाण्याचा तांब्या आणला. तो तसाच ठेवून आत्या उठली, थेट पाळण्यापाशी गेली आणि पोरीला उचलून म्हणाली, "बघ गं, तुझा आजा बी आलाय बारशाला."

मी इकडे कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडून बसलो. पडद्यावर खुर्ची रिकामी, वर नुसती पिशवी. तोच फोटो पुन्हा छापला – आतोबा नाहीत. मग प्रिंटरची रंगाची रिबन बाहेर काढली. फोटो छापताना रिबनवरचा जेवढा रंग कागदावर जातो, तेवढी ती जागा फिकी पडते; म्हणजे प्रत्येक फोटोची छाप तिच्यावर राहतेच. आतोबांच्या फोटोची पट्टी शोधून खिडकीशी धरली. आत्या होती, खुर्ची होती, खुर्चीवर पिशवी होती. म्हणजे आतोबांसाठी रंग खर्चच झाला नव्हता! मग ते कागदावर आले कशानं?

सांगलीत माझा एक मित्र प्रिंटर दुरुस्त करतो. त्यानं रिबन उलटसुलट करून बघितली. "गड्या, फोटो आण. त्याच्याबिगर काय सांगू?" पण फोटो आत्यानं त्याच संध्याकाळी उंब्रजला नेला होता.

मला आजही उलगडा झालेला नाही. परवा न राहवून आत्याला फोन केला – "फोटो दोन दिवस दे, तपासून परत आणून देतो."

"न्हाई रं बाबा," आत्या म्हणाली. "त्यास्नी परत गाडीत कुठं बसवतोस? लय दिसांनी घरी आल्यात."