उसना पिस्टन

आमच्या ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे मला म्हणतात, पोरांना म्हणतात, पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटते.

धंदा जुन्या मोटारसायकलींचे पार्ट शोधून द्यायचा. ज्या गाड्या बनवणं कधीचंच बंद झालं, त्यांचे. गल्लीच्या टोकाला अरुंदसा गाळा, छतापर्यंत पत्र्याचे डबे, आणि ऑइलचा असा वास की शर्ट कितीही धुवा, जाता जात नाही. कुणीतरी येतं, तुटकी वस्तू टेबलावर ठेवतं. हे ती हातात फिरवतात, अंगठ्याने दाते चाचपतात आणि म्हणतात, "मिळेल. चार दिवस द्या." कुठून मिळेल ते देवाला ठाऊक आणि भंगार बाजाराला. लोकांनी नावच पाडलं, मिळेलशेठ. ह्यांना ते इतकं आवडलं की विचारू नका. मला विचाराल तर त्या नावानेच घात केला.

माझ्या सासऱ्यांचीही तशीच एक जुनी गाडी होती. ते शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. हत्यारांची पिशवी मागे बांधून त्या गाडीवर आयुष्यभर हिंडले. पुढे काम सोडलं तरी गाडी सोडली नाही. मागच्या शेडमध्ये जाड कापडाखाली ठेवायचे, आणि रोज सकाळी एकदा तरी सुरू करून बघायचे. मी चिडायचे, धुराने वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो म्हणून.

मग एकदा जेवता जेवता त्यांच्या हातातला पेला पडला. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, चालाल. पण सासरे भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. व्यायाम घेणाऱ्या बाईंना तर त्यांनी हाकलूनच दिलं. शेवटी हे जवळ बसले आणि म्हणाले, "बाबा, गाडी वाट बघतेय. किक उजव्या पायानेच मारायची ना? मग पाय नको का?"

एवढं लागू पडलं. दुसऱ्या दिवशी बाईंना परत बोलावलं. त्या पाय वाकवायच्या, सरळ करायच्या, तळव्याला पेनाचं टोपण टोचून विचारायच्या, "लागतंय का?" सासरे म्हणायचे, "लागतंय, लागतंय." कंटाळा आला की हे दारातून ओरडायचे, "बाबा, गाडी वाट बघतेय!" आणि म्हातारा दात खाऊन पुन्हा पाय उचलायचा.

तेव्हा हे खरं बोलत होते. तेव्हा गाडी अख्खी होती.

आधी कार्ब्युरेटर गेला. एक फोटोग्राफर होता, त्याला 'मिळेल' म्हणून बसले होते. सगळा बाजार पालथा घातला, मिळेना, आणि तो रोज फोन करायचा. एक दिवस मी शेडमध्ये झाडू आणायला गेले, तर हे पाना घेऊन गाडीशी बसलेले. मला बघून दचकले.

"उसना घेतोय गं. दुसरा सापडला की परत बसवतो."

"बापाकडून उसनं घेतलेलं कुणी परत केलंय आजवर?"

हसले. मीही हसले, कप्पाळ माझं! मग पुढचा दिवा गेला. मग पिस्टन गेला, तेव्हा इंजिन उघडून परत असं बंद केलं की बाहेरून कळू नये. शेवटी किक गेली, एका घड्याळजीच्या गाडीला. दर वेळी तेच, उसनं. आणि रोज सकाळी त्याच तोंडाने, "बाबा, गाडी वाट बघतेय!"

मजा वाटत होती त्यांना, असं नाही हो. सासरे भिंत धरून चार पावलं टाकायचे आणि आनंदाने ह्यांच्याकडे बघायचे, की हे नजर चुकवून पाणी प्यायला उठायचे. सुट्टीचा प्रत्येक दिवस भंगार बाजारात काढला. काळी नखं घेऊन रिकाम्या हाताने परत. सापडलाच एखादा पिस्टन तर तो दुसऱ्याच गाडीचा, केसभर मोठा. तसल्या गाड्या आता राहिल्यात कुठे? ज्या राहिल्यात, त्या ह्यांच्याच गिऱ्हाइकांच्या.

"अहो, सांगून टाका," मी म्हणायचे.

"सांगतो. जरा चालू लागू देत."

चालू लागले, तर म्हणे, "आता सांगितलं तर परत भिंतीकडे तोंड करतील." बोलणं खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं. मीही मग मूग गिळून बसले.

आणि एक दिवस सासऱ्यांनी चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं, "उद्या मी शेडमध्ये जाणार. एक किक मारायचीय. सुरू नाही झाली तरी चालेल. किक मारली की इंजिन खालून पायाला परत ढकलतं ना, तेवढं मला बघायचंय."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धावत घड्याळजीकडे गेले, एका सकाळपुरती किक मागून आणली. कुठल्या तरी भलत्याच गाडीचा दिवा लावला. कार्ब्युरेटरच्या जागी एक फुटका बसवला. "पेट्रोल नाहीये म्हणून सांगेन. बाहेरून काही कळत नाही," मला म्हणाले. "आणि इंजिन ढकलणार कसं?" मी विचारलं, तर पाठ फिरवून गाडीवर कापड घालायला लागले.

सकाळी सासरे आधाराशिवाय दारापासून शेडपर्यंत चालत गेले. कापड काढलं, त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि ह्यांना म्हणाले, "पोरा, तू नसतास तर मी त्या भिंतीकडे बघत मेलो असतो." 

आम्ही दोघांनी धरून त्यांना सीटवर बसवलं. गाडी स्टँडवर होतीच. त्यांनी उजवा पाय किकवर ठेवला, श्वास घेतला आणि दाबला. पाय सरळ खाली गेला, अंधारात पायरी चुकावी तसा. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

त्यांचा चेहरा उतरला. "पायाला काही लागतच नाही," ते म्हणाले. "इंजिन ढकलत असणार, मलाच कळत नाहीये. बाई टोचायच्या ना, तेव्हाही मी अर्ध्या वेळा अंदाजानेच हो म्हणायचो." मग दोन्ही हात मांडीवर टाकून ते रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "गेला रे माझा पाय. उगाच चालवलंत मला."

हे शेजारीच उभे होते. तोंड उघडलं, मिटलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख दिसत होतं. आज दमलात बाबा, असं म्हटलं की भागलं असतं. कापड परत घातलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. सासरे रडतच होते.

"पाय चांगला आहे बाबा," शेवटी हे म्हणाले. "इंजिनात पिस्टनच नाहीये, मग पायाला ढकलणार काय? मी विकला. कार्ब्युरेटरही विकला. ही किकसुद्धा मागून आणलेली आहे."

सासऱ्यांनी आपल्या पोटरीला जोरात चिमटा काढला. मग म्हणाले, "म्हणजे पाय आहे?"

"आहे, बाबा."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. हे त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, हात सहज पोचेल इतके. मारावं त्यांनी, असंच ह्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं, द्यावी एक ठेवून, म्हणजे हे मोकळे तरी होतील.

त्यांनी मारलं नाही. "पिस्टन काय रे," ते म्हणाले, "तोंड उघडून मागितला असतास तर दिला असता. पण आत्ता मी रडत होतो, आणि तू विचार करत होतास."

सासऱ्यांनी उतरायला हात पुढे केला तो माझ्याकडे. मी धरला, आत घेऊन गेले. वाटेत त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. का बघतील? मीही तिथेच उभी होते की.