तुरीच्या कट्ट्याखाली दबलेली फुलं

त्या दिवशी घरात आमी चौघं होतो. मी, माहा पोरगा, माही सून न् बाजूच्या घरातली माही धाकटी जाऊ. पाचवं कोनी नव्हतं, म्हनून दुसऱ्या कोनी काही येगळं सांगतलं तं मानू नका. माही शाळा दुसरीपोतर. मी बोलून राह्यली न् सून लिवून राह्यली.

माहा उजवा हात मनगटात वाकडा हाये. सोयाबीन काढताना मशीनच्या पट्ट्यात गेला होता. हाड जुळलं, पन वाकडं जुळलं. डॉक्टर म्हने, आजी, आता भाकर थापता येनार नाही. नाहीच आली. मंग दोन वर्स मले खाटेवर बसवलं. कोनी झाडू धरू देये ना, कोनी इळा.

सून बचत गटातून कार्डं बनवाचं शिकून आली. जाड कागदावर पान्याच्या रंगानं फूल काढाचं. रंग सुकला का कागद उलटा करून साच्यावर ठेवाचा न् मांगून घासाचं. समोरून फूल वर येते, बोटाले लागते. सून त्याले एम्बॉसिंग म्हनते, मी उठाव म्हनते. साचा माह्याच हाताच्या एक्स-रेचा. मी म्हनलं, ते हाडं पाहून काय करू, काप. तिनं ब्लेडनं त्यात पऱ्हाटीचं, म्हनजे कपाशीचं, फूल कापलं. घासाले शाई सरलेला पेन. खिडकीच्या काचेवर धरलं का उजेडात मांगून साचा दिसते. भाकरीले मनगट फिराव लागते, याले नाही लागत. अंगठ्यानं जोर देल्ला का झालं.

केनवडच्या शाळेतल्या एका मॅडमनं पंचवीस कार्डं सांगतले, दहावीच्या पोरींच्या निरोपाले. पोरगा म्हने, "माय, एवढ्या डाव पाहू. बिघडलं तं कागदं माळ्यावर टाकतो. मंग तू आराम कर."

आराम म्हनजे तेच खाट.

पंचवीस झाले. पन रंगाच्या पान्यानं कोपरे वर आले होते. पापड वाकडे होऊ नये म्हनून आमी थप्पी लावतो न् वर जड ठेवतो. म्या तेच केलं. पोराकडून थप्पीवर तुरीचा कट्टा, म्हनजे भरलेलं पोतं, ठेवून घेतला. सकायी कट्टा काढला तं कार्डं एकदम सपाट. फुलं बी सपाट.

जावेनं बोट फिरवलं. "काय वं बाई, फुलाले इस्तरी मारली काय?"

सगळे हासले. मी बी हासली. मंग सून रडाले आली. "आत्याबाई, मॅडम उद्या येऊन राह्यल्या. फोन करून नाही म्हनू काय?"

"फोन कायले?" पोरगा म्हने. "वाशिमातून छापील आनतो पंचवीस. कोनाले समजते?"

"मले समजते."

"माय, हात पाह्य तुहा. सुजला."

"सुजला तं माहा सुजला. खिडकीतून सरक, उजेड अडवून राह्यला."

जाऊ म्हने, "भाकर थापता येत नाही न् बुढी पंचवीस कार्डं घासते म्हने!"

"तू थाप. दोन जास्त थाप. मी जेवाले येते."

पहिलं कार्ड घेतलं. दबलेल्या फुलाची बारीक रेघ राह्यली होती. साचा त्याच रेघीवर बसला पाह्यजे, केसभर सरकला तं फूल दुहेरी दिसते. डोयाले ते रेघ दिसे ना. मंग मी डोये मिटून बोटानं पाहू लागली. तसं बराबर बसे. तीन कार्डं फाटले. ते नव्यानं केले. रंग देल्ला, सुकवला, आधी कट्ट्याखाली चेपलं, मंग उठाव. हे आधी समजलं असतं तं एवढं झालंच नसतं.

दुपारून उजेड सरकला. सून काचेमांगं मोबाईलची बत्ती धरून उभी. थोड्या येळानं म्हने, "आत्याबाई, हात दुखून राह्यला माहा."

"बदल हात. तुले दोन हायेत."

दिवाबत्तीपोतर पंचविसावं झालं. रात्री मले चमचा धरता आला नाही. पोरानं घास भरवला. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. एका फुलावर बोट ठेवून म्हने, "इथं दोन रेघा काहून आल्या?"

म्या सांगतलं, "दोनदा उठवलं म्हनून."

त्याईनं पंचवीसच्या पंचवीस नेले. पोरानं त्याच सांजी खाट उचलून मांगच्या खोलीत टाकली न् खिडकीपाशी टेबल आनला. म्या काही सांगतलं नव्हतं.

आता तुमाले एक सांगनं हाये. असं कार्ड तुमच्या हाती आलं तं जड पुस्तकात दाबू नका, गादीखाली ठेवू नका. उभं ठेवा. न् ठेवाच्या आधी एकडाव त्यावर बोट फिरवा.