शेवटच्या फुलामागची गाठ

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात मी डहाणू स्टेशनजवळच्या एका खोलीत भरतकाम शिकायला जायचे. शिकवणाऱ्या बाई तलासरीहून बसने यायच्या. आम्ही त्यांना बेन म्हणायचो. साखळी टाका एकच, पण त्यांच्या हातून त्याच्या किती तऱ्हा निघायच्या! सुटी साखळी घातली की पाकळी, पीळ दिला की वेल, रुंद केली की शिडी. दुपारी पंखा संथ फिरायचा, दोरा वर यायचा, खाली जायचा, आणि मी त्या वेलीवरून हळूहळू कुठेतरी निघून जायचे. शेजारची मुलगी कोपर मारायची तेव्हा परत यायचे.

माझं दुखणं एकच, गाठ. आम्ही मासेमारी करणारी माणसं. बाबांच्या शेजारी बसून फाटकी जाळी सांधत मोठी झाले, त्यामुळे दोरा संपला की हात आपोआप जाळ्याची गाठ मारायचा. बेन मात्र कापड आधी उलटं करून बघायच्या. गाठ दिसली की कात्री, आणि अख्खी ओळ उसवायची.

"हाथ ढीलो राख, बेटा," म्हणायच्या. "दोरा टाक्यांखाली लपव."

घरी वेगळाच न्याय. बिनगाठीचा पहिला नमुना मी मोठ्या तोऱ्यात बाबांना दाखवला. त्यांनी जाळं तपासावं तसं सुटं टोक धरलं आणि ओढलं. साखळी सरसर उसवून त्यांच्या बोटावर आली.

"वढल्यावर सुटतं, ते काय काम?" म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग ताईचं लग्न ठरलं, लांब गुजरातच्या किनाऱ्यावर. तिच्या ब्लाउजच्या बाह्यांवर वेल मी भरणार, असं मी गावभर सांगून बसले. महिनाभर भरत होते. मागची बाजू स्वच्छ, एक गाठ नाही. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बेननी पसंत केलं की कापड शिंप्याकडे जायचं. आता ओळ उसवावी लागली असती, तर ताई साध्या बाह्यांनीच बोहल्यावर चढली असती.

शेवटच्या फुलाचा दोरा लपवणार, तेवढ्यात बाबा ओट्यावर शेजारी येऊन बसले. मी कापड घाईने मागे घेतलं. पण त्यांनी ओढलं नाही, नुसते बघत राहिले.

"एक गाठ मारू?" त्यांनी विचारलं. "पोरगी लांब चाललीय. एक तरी पक्की असू दे."

नाही म्हणायला हवं होतं. मी सुई काढून दोरा त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बेननी कापड उलटं केलं. बोट फिरत फिरत शेवटच्या फुलाशी थांबलं. त्यांनी कात्री उचलली.

"आ गांठ कोणे बांधी?"

"बाबांनी."

कात्रीने त्यांनी फक्त लोंबणारं टोक कापलं आणि घडी घालून कापड माझ्या हातात दिलं.

तीन वर्षांनी ताई माहेरी आली तेव्हा तोच ब्लाउज घालून. धुऊन धुऊन माझ्या पाकळ्या सुटल्या होत्या. तिने बाही उलटी करून ती गाठ बोटाने चाचपली.

"टोचते गं दंडाला," म्हणाली. "पण कापायची नाय."