पाकळीसारखे हात

आधी गुन्हा कबूल करते. सातवीत असताना मी माझ्या आईचे हात चोरले. सगळ्या गावादेखत, माईकवरून.

परवा लातूरला नातीच्या वहीत तसलीच लाल शाई दिसली. 'उपमा अयोग्य.' म्हणून लिहून राहिले.

मुदखेडजवळ आमचं गाव. आई दुसऱ्याच्या मळ्यात गुलाब तोडायची. निबंधात मी लिहिलं होतं, 'माझ्या आईचे हात, बाभळीच्या सालीसारखे, काळे, खरबरीत, भेगाळलेले, आहेत.' आई बोलताना जिथं दम घ्यायची, तिथं मी स्वल्पविराम दिला होता.

गुरुजींनी त्यावर लाल शाईनं 'उपमा अयोग्य' लिहिलं आणि वही वर्गापुढं धरली. "स्वल्पविराम बघा किती! तुम्ही लोक कामातही असंच दर दोन पावलांवर थांबता. आणि उपमा काय, तर बाभूळ! उपमेत घर दिसतं बघा."

वर्ग खदखदला. मीपण हसले. अशी शहाणी मी.

मग बाभूळ तोडली. स्वल्पविराम वेचून टाकले. लिहिलं, 'माझ्या आईचे हात गुलाबाच्या पाकळीसारखे मऊ आहेत.' पहिला नंबर! झेंडावंदनाला वाचायचा मान! दोन वेण्या उडवत उभी राहिले, जशी काही सरस्वतीची धाकटी बहीण. पाहुणे म्हणून मळ्याचे मालक. आई मागं, भिंतीला टेकून.

त्याच आठवड्यात मळ्यातल्या बायांनी हातमोजे मागितले होते. आई पुढं होऊन बोलली होती. मला ठाऊक होतं. तरी वाचलं.

टाळ्या थांबल्या. मालक मागं वळले. हसून म्हणाले, "ऐकलंस का गं? लेकच सांगून राहिली, पाकळीसारखे हात हायत. मग हातमोजे कशाला?"

सगळा मांडव हसला. आईनं हात पदराखाली घेतले. बोटाला चिंधी होती, ती रक्तानं ओली होती. घरापर्यंत माझ्यापुढं दहा पावलं चालली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जुनं वाक्य परत लिहिलं. सगळ्या स्वल्पविरामांसकट. वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचलं. गुरुजींनी दार लावून घेतलं.

"खोड."

"न्हाई खोडणार."

छडी मोडली. वाक्य राहिलं.

संध्याकाळी आईनं माझे सुजलेले तळवे पाहिले. मी घडलेलं सांगितलं, वाक्य म्हणून दाखवलं. तिनं वही मागितली. तिला अक्षर येत नव्हतं. वाक्य कुठंय तेवढं विचारलं आणि त्यावर ते चिंधीचं बोट टेकवलं. कागदाला डाग लागला. मग म्हणाली,

"आता ही मी हाय. उद्या मळ्यावर चल माझ्यासंगं. ह्येच वाच, मालकासमोर."