माझ्या हातचा रस्सा म्हशीच्या घमेल्यात

बायांनो, आज दुपारी जे पाहिलं ते लिहिल्याबिगर मले चैन पडणार नाही.

आमी तिघी मैत्रिणी कामावर जातो, रोज रांधायले टाइम भेटत नाही. म्हणून दर रविवारी एकीच्या घरी जमून आठवड्याच्या भाज्या करतो, डबे भरतो न आपापल्या फ्रिझरमधी ठेवतो. मागचा रविवार माझ्या घरी होता. वांग्याचा रस्सा न लाखोरीच्या डाळीचे वडे केले.

आज मिक्सरचं भांडं वापस द्यायले कारधा गावाले, आमच्या तिघीमधल्या सुनंदाच्या घरी गेली. गोठ्यात तिची म्हैस घमेल्यातला बर्फाचा गोळा चाटून राहिली होती. माझा रस्सा! बाजूले वडे पडलेले.

"काहून वो सुनंदे, हे काय होय?"

"सासूबाईले तुमच्या घरचं चालत नाही न. तुले त मालूम आहे."

आमी बौद्ध, एवढंच कारण. तिच्या घरी जमलो का मले ती अंगणात लसूण सोलत बसवते. म्हणे, ओट्याजवळ उभं राहून तुझे गुडघे दुखतीन. मले वाटे, बाई किती काळजी करते!

"मंग वर्षभर डबे कायले नेले?"

"तुले वाईट वाटू नये म्हणून."

तोंड वर करून सांगते! सासूचं नाव पुढं करते, पण घमेल्यात डबा तिनंच रिकामा केला न?

सुनंदे, तू बी या ग्रुपवर आहेस. येत्या रविवारी माझ्या घरी ये न सगळ्यायच्या आधी तू जेव. येतेस का नाही, इथंच लिही. सगळ्या वाचून राहिल्या आहेत.