मामा हसत नव्हता तेव्हा

मी फाटक्या ओठाची जन्मले. हे इथं कधी लिहिलं नव्हतं.

आज लिहिते, कारण आज सकाळी माझा मामा गेला.

गोष्ट साठच्या दशकातली. आम्ही तेल्हाऱ्याचे. मी सहा वर्षांची झाले तरी शाळेत घातलं नव्हतं. पोट्टे चिडवतील म्हणून.

आजी म्हणायची, पोटुशी असताना सुनेनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, त्याचं हे फळ. आई बिचारी मान खाली घालून ऐकायची.

मामा अमरावतीला राजापेठेत राहायचा. एक नंबर नकल्या माणूस! मयतीतसुद्धा त्याच्या शेजारी बसायची सोय नव्हती.

त्याला कळलं, तिथल्या एका दवाखान्यात बाहेरचे डॉक्टर आलेत आणि देणगीच्या पैशातून लेकरांचे असे ओठ फुकटात शिवून देतात. तसाच एस्टीनं तेल्हाऱ्यात हजर.

आजी ग्रहणाचं घेऊन बसली. मामा म्हणाला, "ग्रहण सुटलं नं? मंग हे बी सुटन."

आई बाळंतीण होती. म्हणून मामाच मला घेऊन गेला.

ऑपरेशन झालं. ओठावर पट्टी. हात लावू नये म्हणून कोपरंही बांधलेली. वॉर्डात आरसा नाही.

आणि शेजारी मामा, तोंड पाडून. नक्कल नाही, जोक नाही. माझ्याकडे नीट पाहायचासुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत बसायचा.

मी काय समजायचं? ओठ बिघडला.

एकदा पट्टीआडून विचारलंच, "मामा, बिघडलं काय?"

"चूप राय. बोलू नको."

झालं. आता शाळा विसरा. रडूही येईना, इतकी भ्याले होते मी.

टाके काढले त्या दिवशी मामानं डॉक्टरला एकच विचारलं, "आता हे पोट्टी हासली तं चालते काय?"

डॉक्टर हो म्हणाले.

मामा तिथंच कमरेत वाकला आणि आजी झाला. तंबाखू मळणारी, सुनेला बोलणारी. अख्खा वॉर्ड हसला, मीपण. आणि हा गडी स्वतः ढसाढसा रडायला लागला.

मग कळलं. पोरगी हसली-रडली तर टाके उसवतील, असं डॉक्टरनं त्याला बजावलं होतं.

मामा म्हणाला, "तुले हासू नको म्हटलं असतं, तं तू पयले हासली असती. अन् तुह्याकडे पायलं का मलेच नक्कल सुचे."

त्यानं आपला दाढीचा आरसा माझ्यापुढे धरला. ओठ जरा वर ओढलेला होता. पण एक होता.

त्याच वर्षी शाळेत गेले. पुढं मास्तरीण झाले, जन्मभर बोलूनच पोट भरलं.

आज राजापेठेत गेले. मामा निजलेला, तोंड तसंच गंभीर. सगळे रडत होते. मी ते तोंड लगेच ओळखलं.

जाय सुखानं, मामा.

टाके कवाचेच निघाले. आता हासलं तं चालते.