बावखल बुजवू नका

बाळांनो, परवा तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, पावसाळ्याआधी ते बावखल भरून घेऊ. मुलं आली की दोन गाड्या उभ्या राहतील." हे घर पुढे तुमचंच आहे. म्हणून भरावाचा ट्रक दारात येण्याआधी हे लिहून पाठवते आहे.

बावखल म्हणजे समुद्राकाठच्या आपल्या वटार गावच्या वाडीतलं, केळींच्या कडेचं ते तळं. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी ते पावसाचं पाणी साठवायला खणलं.

ते बुजवायची चूक आम्ही एकदा करून बसलो आहोत. आजोबांनी पहिली गाडी घेतली, तेव्हा मीच पट्टी-पेन्सिल घेऊन आराखडा काढला. बावखलाची वेडीवाकडी, शेवाळलेली कड माझ्या डोळ्यांत खुपायची. सासूबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "काढ हो चित्र. विहिरीला विचारलंस का?" आम्ही हसलो आणि अर्धं बावखल डेब्रिजने भरून टाकलं.

पुढच्या मे महिन्यात चहा फाटला. दूध बदललं, पातेलं घासलं, तरी पुन्हा फाटला. सासूबाईंनी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "घ्या. आता मीठ विकत आणायला नको!"

गावात विहिरी उपसणारे एक म्हातारे काका होते. ते आत उतरले आणि एक तुकडा घेऊन वर आले. पांढुरका, शिंपल्यांचा, भोकाभोकांचा दगड. "बाय, खाली सगळा ह्योच. नुसती चाळण. बावखलातून गोडं पानी जिरतं, म्हनून खारं पानी खाली दबून ऱ्हातं. तुमी गोड्याची वाटच बंद केली."

शाळेत चुनखडीचा धडा मी इंग्रजीतून घडाघडा म्हणून दाखवला होता. तो दगड माझ्याच स्वयंपाकघराखाली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पावसाआधी आम्ही सगळा भराव उपसला. आजोबा घमेली भरत होते, मी वाहत होते आणि सासूबाई ओट्यावरून ओरडत होत्या, "कड सरळ येऊ दे गं, पट्टी आण!" पाणी गोडं व्हायला दोन पावसाळे गेले. तोवर शेजारच्या वाडीतून कळश्या आणल्या.

या दगडावर राहायचं तर आणखी थोडं ध्यानात ठेवा. किटलीत पांढरा थर बसतो, तो लिंबाने जातो. संडासाची टाकी विहिरीपासून लांब ठेवा, कारण चाळणीतून घाणही तितक्याच लवकर झिरपते. खोल बोअर मारा म्हणून कोणी सांगायला आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा; खोल गेलं की खालचं खारं पाणीच वर येतं.

भराववाल्याला मी येऊ नको म्हणून कळवलं आहे. बाबाला मात्र तुम्ही सांगा, तुमचं तो ऐकतो. गाड्या चिंचेखाली राहतील, पक्षी त्या घाण करतील, धुऊन काढू.

बावखल अजून उघडं आहे आणि विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोडं आहे.